काळजाचे दोन वाफे

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरचं निम्मं काम हाताचं असतं आणि निम्मं तोंडाचं. हाताचं काम नर्सिंगच्या शाळेत शिकवतात. हत्यारं उकळायची, गॉजच्या घड्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, डॉक्टरांनी हात पुढे केला की न मागता त्यात हवी ती वस्तू ठेवायची. तोंडाचं काम मात्र कुणी शिकवत नाही. ते मला शहाद्यानं शिकवलं. "बिडी विझवा आधी!", "दाराशी शेळी कुणी बांधली?", "काल पोट शिवलेल्या माणसाला आज भजी कुणी चारली?" असं ओरडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझं नाव एस्तेर. पण तापीकाठच्या गुजर मंडळींपासून तोरणमाळवरून उतरणाऱ्या माणसांपर्यंत सगळ्यांना मी नरसबाई. माघारी 'चिडकी नरसबाई' म्हणायचे, तेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. चिडकीचे पेशंट जगायचे.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. नंदुरबार जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, सगळा कारभार धुळ्याचा. शहाद्याला एसटी स्टँड होता, कापसाचा बाजार होता आणि काही व्यापाऱ्यांनी मिळून बांधलेला आमचा दवाखाना होता. दोन वॉर्ड, एक थिएटर, पुढे लांब ओटा आणि मागे नातेवाइकांना स्वयंपाक करायला चुलींची पडवी. दवाखान्याचं जेवण फक्त पेशंटला. बरोबरची माणसं आपापला शिधा आणायची. वीज होती, पण पाहुणीसारखी. कधी येईल, कधी जाईल, तिची मर्जी.

आमचे डॉक्टर कारखानीस मुंबईला शिकलेले. माणूस इतका हळू बोलायचा की पेशंट पुढे झुकून ऐकायचे आणि त्या झुकण्यातच पोट कुठे दुखतं ते त्यांना कळायचं. कुणावर आवाज म्हणून चढवला नाही. त्यांच्या वाटणीचा आवाजही मलाच चढवावा लागे.

आता ज्या अवयवाविषयी सांगायचंय त्याला पुस्तकात यकृत म्हणतात. आमच्याकडे त्याला सरळ काळीज म्हणायचे, तसंच मीही म्हणणार. उजव्या बरगड्यांखाली सुरू होऊन पार डावीकडे छातीच्या खळग्याखाली येतं. आमच्या भागात काळजाची दुखणी फार. पाणी वाईट, त्यामुळे आव. आव जुनी झाली की काळजात पू. मग जाडजूड सुई घालून तो पू ओढायचा. रंग थेट चॉकलेटचा. एका हॉटेलवाल्याचा असा बाटलीभर पू काढला, तर म्हणे, "नरसबाई, बाटली माले द्या. मन्हा साला म्हनस मी ढोंग करस. तेले दाखाडतो." मी त्याला बाटली दिली नाही. सालाच दवाखान्यात आला, बाटली पाहून ओट्यावर चक्कर येऊन पडला, आणि त्याच्याच डोक्याला टाके घालावे लागले.

सुई घालणं सोपं. कापणं म्हणजे मात्र मरणाशी गाठ. काळीज हा रक्तानं भिजलेला अवयव. त्याला टाका घालायचा तर ओल्या साबणाच्या वडीला सुई-दोऱ्यानं शिवून बघा, म्हणजे कळेल. दोरा ओढला की चिरत जातो.

ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. तोरणमाळकडचा एक जण मध काढायला चढला आणि कड्यावरून पडला. त्याच्या भावानं आणि गावकऱ्यांनी त्याला झोळीत घालून तो सगळा घाट उतरवला. पोट उघडलं तर काळीज फाटलेलं. डॉक्टर एक टाका घालायचे, तो चिरायचा. दुसरा घालायचे, तो चिरायचा. मी कापूस देत होते आणि लाल परत घेत होते. माणूस टेबलावरच गेला. भाऊ बाहेर उकिडवा बसला होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि तीच झोळी पुन्हा खांद्यावर घेतली. हात धुताना डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, रक्त कुठून येतंय तेच मला कळलं नाही. आंधळ्यासारखा शिवत होतो." त्या भावाचे जोडलेले हात मला अजून आठवतात आणि वाईट वाटतं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर डॉक्टरांनी मुंबईहून वैद्यकीय मासिकं मागवायचा सपाटा लावला. एक दिवस नाचतच आले. म्हणजे त्यांच्या मानानं नाचत. भुवया जरा वर होत्या. फ्रान्समधल्या एका शल्यविशारदानं दाखवून दिलं होतं की काळीज हा एक गोळा नाही. वरून एकसंध दिसतं, पण आत आठ भाग आहेत आणि प्रत्येक भागाला रक्त आणणारी फांदी वेगळी. मला ते काही कळेना. मी स्पष्ट सांगितलं, "डॉक्टर, मला समजेल असं सांगा, नाहीतर जाऊ द्या."

मग त्यांनी माझ्याकडे कणीक मागितली. आमच्या घरी येऊन ओसरीवर बसून त्यांनी कणकेचं काळीज केलं. आत लाल-निळी लोकर पेरली आणि आईची विळी घेऊन ते कापायला बसले. आई आतून बघत होती. मला हळूच म्हणाली, "हा डॉक्टर आहे का आचारी?" पण त्या कणकेवर मला जे समजलं ते मग मी जन्मभर विसरले नाही. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे आठ वाफे समजा. एका मोठ्या पाटातून पाणी येतं आणि प्रत्येक वाफ्याला त्याचा त्याचा फाटा. एक फाटा बंद केला तर तेवढाच वाफा सुकेल, शेजारचा हिरवाच राहील. आणि वापरलेलं पाणी बाहेर जातं ते दोन वाफ्यांमधल्या बांधाच्या कडेनं. मग आपण काय करायचं? आधी पाट, मग बांध, शेवटी निचरा. ज्या वाफ्यात रोग आहे त्याचा पाट आधी बांधायचा. तो वाफा काळवंडतो, आपली हद्द आपण होऊन दाखवतो. त्या हद्दीवरून कापायचं. मध्ये कुठेतरी कुदळ घालायची नाही." शेतकऱ्यांच्या मुलखात राहून डॉक्टरांना हे सुचलं, याचं मला कौतुक वाटलं. कणकेचं काळीज मी फडताळात ठेवलं होतं, ते मुंग्यांनी दोन दिवसांत फस्त केलं. मुंग्यांनी हद्दी पाळल्या नाहीत.

डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या सर्जनना पत्रातून विचारलं, तर उत्तर आलं की शहाद्यासारख्या ठिकाणी असले खेळ करू नका. डॉक्टरांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "खरंच आहे त्यांचं." पण मेल्या माणसांची तपासणी करायला सरकारी डॉक्टर बोलवत तेव्हा ते काळजाच्या वाफ्यांच्या हद्दी शोधत बसायचे. हात बसवत होते.

आणि मग यमुना आली.

तापीकाठच्या एका गावातली, गुजर घरची सून. वय असेल एकोणीस-वीस. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. सासरा वारलेला, घर, केळीची बाग, गडीमाणसं सगळं सासूच्या हातात. सासू हिराबाई. अंगानं आडवी, आवाजानं उभी. दवाखान्यात माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलणारी मी पाहिलेली पहिली बाई, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमचं वाजलं. नवरा बिचारा मुका म्हणावा इतका गप्प. आई उठ म्हणाली की उठायचा.

यमुनाचं पोट वरच्या बाजूला फुगत चाललं होतं. गल्लीतल्या बायकांनी परस्पर गोड बातमी करून टाकली. पोरीलाही ते खरं वाटलं. लाजायला लागली, चिंच खायला लागली. शेवटी सुईण आली आणि म्हणाली, "अवं, पोर कोनं छातीखाल बसस का?" तेव्हा घरात जो सन्नाटा पडला असेल तो मी न बघताच सांगू शकते.

डॉक्टरांनी तपासलं, धुळ्याहून एक्स-रे काढून आणवला. काळजाच्या डाव्या टोकाला पाण्याची थैली होती. कुत्र्यांच्या पोटातल्या एका बारीक किड्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की वर्षानुवर्षं अशी थैली वाढत राहते. त्यात गुन्हा कुणाचाच नसतो. पण तिच्यातलं पाणी पोटात सांडलं तर अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, माणूस पाहता पाहता जातो. नुसती थैली सोलायला जावं तर फुटायची भीती. डावीकडचे दोन वाफे तिनं जवळजवळ खाऊनच टाकले होते. डॉक्टरांचं म्हणणं, ते दोन वाफेच थैलीसकट, न फोडता, उचलून काढायचे.

त्यासाठी रक्त हवं. तेव्हा रक्तपेढी कसली! नातेवाइकाचा दंड आणि आमची बाटली, हीच पेढी. नवऱ्याचं रक्त जुळलं नाही. यमुनाचे वडील आले होते, सुकलालआप्पा. पांढरी टोपी, काटकुळे, हात पाठीमागे बांधून उभे राहायची सवय. आई तिची लहानपणीच गेलेली, बापानंच वाढवली होती. त्यांचं रक्त जुळलं. तेव्हा त्या माणसाच्या तोंडावर जो आनंद झाला! म्हणाले, "नरसबाई, बठ्ठं लई ल्या. मन्हं काय काम शे आते त्या रगतनं?" मी म्हटलं, "बठ्ठं नको. एक बाटली पुरे." हिराबाईंचं रक्त कुणी तपासायला सांगितलंच नाही. सासूचं रक्त सुनेला, असा विचारच तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचा नाही.

ऑक्सिजनचा सिलिंडर धुळ्याहून ट्रकनं यायचा होता. तो अडकला. ऑपरेशन आज, उद्या, परवा असं पुढे गेलं. सुकलालआप्पा ओट्यावरून हलेनात. त्यांची भीती एकच, आपण बाजारात गेलो आणि तेवढ्यात पोरीला आत नेलं तर? मागच्या पडवीत हिराबाई स्वयंपाक करायच्या आणि दर वेळी ओट्यावर येऊन हाक मारायच्या, "व्याही, जेवाले चला." आप्पांचं उत्तर ठरलेलं, "मन्हं व्हयी गयं." मीही विचारलं, "आप्पा, जेवलात का?" मलाही तेच उत्तर, वर हसून.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी यमुनाच्या अंगावर गांधी उठल्या. ती दोन्ही हातांनी अंग खाजवत होती. डॉक्टर तिच्याकडे बघून माझ्याकडे वळले. "सिस्टर, थैली पाझरायला लागलीय. आता थांबता येणार नाही." नशिबानं सिलिंडर पहाटे येऊन पडला होता. गांधी उतरायचं इंजेक्शन दिलं. यमुनाला आत घेतलं, भूल देणारे डॉक्टर बसले, आणि मी आप्पांचं रक्त घ्यायला शेजारच्या खोलीत गेले.

पाव बाटली भरली असेल नसेल, आप्पांचा हात गार पडला. कपाळावर घाम. डोळे फिरले. नाडी लागेना. सुई काढली, पाय वर केले, तोंडावर पाणी मारलं, जरा शुद्ध आल्यावर साखरेचं पाणी पाजलं. आवाज ऐकून हिराबाई दारात आल्या. त्यांनी व्याह्यांचा चेहरा पाहिला, खुंटीला टांगलेलं त्यांचं भाकरीचं फडकं पाहिलं. रिकामं, चुरगळलेलं. मला काही कळायच्या आत बाईंनी कपाळावर हात मारला.

"व्याही, तुम्हीन खादंच नही! परवापाईन उपाशी शेतस तुम्ही!"

तेव्हा कुठे मला उलगडलं. त्यांच्यात रीत होती, आणि वाचकांपैकी पुष्कळांच्या घरीही असेल, की लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरच्या अन्नाला शिवत नाही. काही तर पाणीही पीत नाहीत. आप्पांनी घरून बांधून आणलेल्या भाकऱ्या संपल्या होत्या, ओटा सोडवत नव्हता, आणि पडवीतल्या चुलीवर शिजत होतं ते लेकीच्या घरचं. आणि लेकीला मूल कुठलं? म्हणून हा शहाणा माणूस दवाखान्याच्या विहिरीच्या पाण्यावर राहिला आणि त्याच अंगातून पोरीसाठी रक्त द्यायला निजला!

मी भडकले. खरंच भडकले. "आप्पा, अहो, रीत पाळायची तर पाळा, पण मला सांगायचं तरी! उपाशी माणसाच्या अंगात मी रक्त कुठून आणू? मी काय विहीर खणतेय?" आप्पा कॉटवर पडून नुसते रडत होते. पाव बाटलीचाही उपयोग नव्हता. बाटलीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध पूर्ण बाटलीच्या मापाचं होतं. ते फेकावं लागलं. डॉक्टर दारात आले, हात धुऊन वर धरलेले. त्यांना एका वाक्यात सांगितलं. ते म्हणाले, "यांचं आज परत घेता येणार नाही. दुसरं कुणी?"

हिराबाईंनी बाही वर सारली. "मन्हं देखा."

थेंब घेतला, काचेवर तपासला. जुळलं. यमुनाच्या रक्तात मिसळून पाहिलं. तिथेही जुळलं. मी परमेश्वराचे आभार मानले आणि म्हटलं, "बाई, निजा."

तर बाई निजेनात! कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "मी देसू रगत. पन आदी व्याहीनी मन्ही भाकर खावाले जोयजे."

असा संताप आला मला! "हिराबाई, ही काय मानपानाची वेळ आहे? पोर आत टेबलावर आहे!"

"तिन्हाच करता सांगी ऱ्हायनी का कोना करता?" त्या चिडून म्हणाल्या, नि लगेच त्यांचा आवाज फुटला. "नरसबाई, तुले काय मालूम? तीन वरीस व्हई ग्यात. हाऊ मानूस येस, उंबरठावर बसस, पोरले देखस, आन पानी न पेता उठी जास. तेन्ही रीत. तेन्ही चूक नही. पन तो गया का गल्लीमधल्या बाया हासतस. बाप पानी न पेता गया, म्हंजे अजून काहीच नही! मंग ती पोर मोरीमा बसीसन रडस. मी आयकस ना. मी सासू शे, मी काय बोलू? आज तिन्हं पोट कापी ऱ्हायनात. ती जगी का मरी, देवले मालूम. पन तिन्हा बाप तिन्हा घरमाइन उपाशी गया, असं मी व्हऊ देवाव नही."

आप्पा उठून बसले होते. ते खाली मान घालून म्हणाले, "ती रडस? माले कधी बोलनी नही."

"तुम्हले कशी बोली ती?" हिराबाई म्हणाल्या, आता हळू.

आप्पांनी हात पुढे केला. हिराबाईंनी पडवीतून ताट आणलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, वर लोणी. मी ताट धरलं, आप्पांनी पहिला घास मोडला आणि तोंडात घातला. त्या माणसानं आयुष्यभर सांभाळलेलं काहीतरी त्या घासाबरोबर गिळलं. रडत रडत खाल्लं, पण खाल्लं. हिराबाई कॉटवर निजल्या, मी सुई घातली. बाटली भरताना बाईंचे डोळे माझ्याकडे नव्हतेच. ताटाकडे होते. "ठेचा लागस का तिखट? लोनी ल्या अजून," हे चाललेलंच. इतक्यात डॉक्टरांनी पुन्हा दारातून विचारलं, "सिस्टर, काय चाललंय?"

मी म्हटलं, "व्याही जेवताहेत, डॉक्टर."

डॉक्टरांनी दोन्हीकडे पाहिलं. आमच्यासारख्या ठिकाणी बरीच वर्षं काढलेला माणूस तो. म्हणाले, "जेवू द्या. पोटभर जेवू द्या," आणि आत गेले.

भरलेली बाटली आत देऊन मी हात घासले आणि टेबलाशी उभी राहिले. पोट उघडलं. थैली पांढरी, ओल्या नारळाच्या गरासारखी, हलत होती. भोवती मिठाच्या घट्ट पाण्यात भिजवलेली कापडं दाबून बसवली. पाझरलंच तर ते किडे तिथेच मरावेत म्हणून. डॉक्टर पुटपुटले, "आधी पाट." बेंबीपासून काळजाकडे एक दोरी जाते, जन्माआधीच्या नाळेची खूण. तिच्या मागोमाग जात त्यांनी डाव्या दोन वाफ्यांचे फाटे शोधले, एकेक करून बांधले. मग सगळे थांबलो. आणि देवाशपथ सांगते, माझ्या डोळ्यांसमोर काळजाचा डावा तुकडा काळपट पडत गेला, उजवा लालसर तसाच राहिला, आणि मध्ये सरळ रेघ उमटली. कुणी आखल्यासारखी. मास्कच्या वर डॉक्टरांचे डोळे भरले होते. मला वाटतं त्यांना झोळीतला तो माणूस आठवला असेल. मला तरी आठवला.

"मग बांध." त्या रेघेवरून त्यांनी काळीज दोन बोटांत चुरून वेगळं करायला सुरुवात केली. मऊ भाग चुरतो, शिरा दोऱ्यांसारख्या शिल्लक राहतात. प्रत्येक शीर मी दिलेल्या दोऱ्यानं बांधायची, मग कापायची. रक्त येत होतं, पण कुठून येतंय ते दिसत होतं. सगळा फरक तेवढाच होता. थैली शाबूत.

शेवटी निचऱ्याची मोठी शीर. ती मागे, खोल असते. तिथे शिरेला चीर पडली आणि पाहता पाहता खड्डा भरून आला. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "नाडी पातळ होतेय." कारखानीसांनी बोट दाबून धरलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "रक्त लावा!" हिराबाईंची बाटली लावली. मी त्या नळीतले थेंब बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई, एवढं भांडलीस माझ्याशी, आता तुझ्या रक्तालाही भांडू दे. बोट तसंच दाबून ठेवून डॉक्टरांनी सुई मागितली, शीर शिवली, बांधली. हळूच बोट काढलं. कोरडं. नाडी परत आली. दोन वाफे थैलीसकट माझ्या तसराळ्यात, थैलीतला एक थेंबही न सांडता.

काढलेलं नातेवाइकांना दाखवायचा आमच्याकडे रिवाजच होता, नाहीतर लोकांना वाटायचं की नुसतं पोट कापून शिवलं. मी तसराळं बाहेर नेलं. नवऱ्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. आप्पांनी डोळे मिटले. हिराबाईंनी मात्र वाकून नीट बघितलं. म्हणाल्या, "एवढं वझं लिसन पोर पानी भरे. आन मी म्हने, हलूहलू काय चालस."

यमुना जगली, हे सांगून टाकते. उरलेल्या काळजावर माणसाचं उत्तम भागतं, ते वाढून आपली जागाही भरून काढतं. डॉक्टरांनी त्या पद्धतीनं पुढेही काही काळजं वाचवली, काही वाचली नाहीत. मुंबईच्या सर्जनना त्यांनी काहीच कळवलं नाही. मी म्हटलं, लिहा की. तर म्हणाले, "काय लिहू? रक्तदात्याला आधी भाकर खायला घातली, हे शास्त्रात कुठे बसवू?" त्यांनी लिहायला हवं होतं. आज ते नाहीत, आणि जे लिहायचं ते मी लिहितेय, माझ्या भाषेत. याची मला खंत आहे.

पण त्या दिवशीची दुपार राहिली सांगायची. यमुनाला वॉर्डात आणलं. ईथरची भूल उतरताना माणूस अर्धा इथे असतो, अर्धा कुठेतरी. एका बाजूला बाप, एका बाजूला सासू, दंडाला पट्टी बांधलेली. पायाशी नवरा. मी नाडी धरून होते. पोरीचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"बा... बा जेवना का?"

म्हणजे बाप उपाशी आहे, हे तिला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना फसवलं त्यानं, पण पोरीला नाही फसवता आलं.

आप्पा पुढे झाले. तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "जेवनू वं माय. तुन्हाच घरनी भाकर खादी. पोटभर."

तिनं डोळे उघडले. बापाकडे बघत राहिली, बराच वेळ, काहीतरी जुळवत असल्यासारखी. मग तिचा हात चादरीखाली सरकला, सपाट झालेल्या पोटावरच्या पट्ट्यांवर थांबला, आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं की मला तिची नाडी मोजता येईना. सासूकडे मान वळवून तिनं विचारलं,

"काय व्हयनं? पोऱ्या का पोर?"

आप्पांनी तोंडाला उपरणं लावलं. नवरा भिंतीकडे वळला. हिराबाईंनी तिच्या तोंडावरचे केस मागे सारले, पट्टी बांधलेला हात तिच्या गालाखाली घातला, आणि म्हणाल्या,

"पोर व्हयनी वं माय. तूच."